ताटाची डावी बाजू रिकामी राहत नाही

गेले काही आठवडे नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो पाच जणांकडून आला, त्यात माझी सख्खी नणंदही होती. मजकुराचा मथितार्थ असा: खाण्याची अ‍ॅलर्जी हे हल्लीचं फॅड आहे, आपल्या आज्यांच्या काळी असलं काही नव्हतं. मुलाला चिमूट चिमूट देत राहिलं की अंगवळणी पडतं, परदेशातल्या संशोधनानंही म्हणे तेच सिद्ध केलंय. नीट भाजून-शिजवून, घाण्याचं शुद्ध तेल वापरून केलं तर काही बाधत नाही. आणि ज्यांच्या घरात हे खूळ शिरतं त्यांच्या ताटात वरणभात आणि उकडलेली भाजी उरते, नाहीतर घरच्या बाईला माणशी वेगळा स्वयंपाक करावा लागतो, कारण दाण्याच्या कुटाशिवाय मराठी जेवणाला चवच नाही.

आमच्या घरात सात माणसं आहेत. माझ्या मुलाला शेंगदाणे आणि तीळ चालत नाहीत. जावेच्या मुलीला दूध आणि दुधाचं काहीही चालत नाही. सासूबाईंना सीलिअ‍ॅक आहे म्हणून गहू बंद. (सीलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नव्हे, गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होते तो वेगळा आजार, पण ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईसाठी नियम तितकेच कडक.) सहा वर्षं आम्ही दोघी जावा याच ओट्यावर दोन्ही वेळचं रांधतोय, म्हणून या मजकुराला मुद्दा धरून उत्तर द्यायचं ठरवलं.

पहिला मुद्दा, पूर्वी असलं काही नव्हतं. मग ‘अंगावर पित्त उठलं’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत कुठून आला? ‘त्याला कोळंबी मानवत नाही’, ‘तिला वांगं बाधतं’ हे आपल्या आज्याच म्हणायच्या. त्यांना नाव माहीत नव्हतं, लक्षणं चांगली माहीत होती. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्दच मुळी 1906 साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. त्याच्या चार वर्षं आधी, 1902 मध्ये, शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’, म्हणजे शरीराची अचानक येणारी जीवघेणी प्रतिक्रिया, वर्णन केली आणि रिशे यांना 1913 मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. नाव मिळण्याआधी जी मुलं जेवता जेवता निळी पडून गेली असतील, त्यांच्या बाबतीत घरात दृष्ट लागली असंच म्हटलं गेलं असणार. प्रमाण आता पूर्वीपेक्षा वाढलंय, हे मला मान्य आहे. पण त्यानं माझ्या मुलाचा सुजलेला ओठ खोटा ठरत नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्यावर थांबते. चिमूट चिमूट द्या म्हणे.

मुलगा चार वर्षांचा होता. एका नातेवाइकांकडे हळदीकुंकवाला गेलो होतो. मी आधी फोन करून सांगितलं होतं, आणि त्यांनी काकडीची कोशिंबीर खरोखरच कूट न घालता केली होती. शेजारी दाण्याच्या चटणीची वाटी होती. कुणीतरी चटणीतला चमचा कोशिंबिरीत घातला, बस एवढंच. चमच्याच्या पाठीला लागली असेल तेवढी चटणी. दहा मिनिटांत त्याचे ओठ जाड झाले, मग कोरडा खोकला सुरू झाला, मग आवाज बसला. ‘आई, घशात काहीतरी आहे’ म्हणाला. जवळच्या दवाखान्यात मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा श्वास मोकळा झाला. रात्रभर ठेवून घेतलं, कारण एकदा ओसरलेली लक्षणं काही तासांनी पुन्हा उसळू शकतात. त्या चमच्यावर चिमूटभरसुद्धा नव्हतं.

आता त्या ‘परदेशातल्या संशोधना’बद्दल. ते संशोधन खरं आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे गिडिऑन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 2015 मध्ये प्रसिद्ध केलं. 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं घेतली, सगळी इसब किंवा अंड्याच्या अ‍ॅलर्जीमुळे जास्त धोक्यातली. निम्म्यांना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत दिले नाहीत. ज्यांना दिले त्यांच्यात पुढे अ‍ॅलर्जीचं प्रमाण खूपच कमी निघालं. पण मजकूर लिहिणाऱ्यानं यातला कळीचा भाग गाळला. या बाळांची आधी त्वचेवर चाचणी झाली होती, आणि ज्यांच्या चाचणीत मोठी गांध उठली त्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. हा अभ्यास अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून काय करावं याचा आहे. झालेली अ‍ॅलर्जी घरी चारून घालवण्याशी त्याचा संबंध नाही. तसे उपचारही आहेत, शेंगदाण्याची भुकटी मिलिग्रॅममध्ये मोजून, पहिला आणि वाढवलेला प्रत्येक डोस डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचा, महिनोन् महिने. अमेरिकेत अशा एका औषधाला 2020 मध्ये मान्यता मिळाली. आजीच्या चिमटीत मिलिग्रॅम मोजता येत नाही. ज्या घरात तान्हं बाळ आहे आणि काही त्रास नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून दाणे वेळेवर जरूर सुरू करावेत. ज्या मुलाला एकदा त्रास झालाय त्याच्यावर प्रयोग करू नयेत. आई म्हणून हात जोडून सांगते.

भाजलं की बाधत नाही, हा तिसरा मुद्दा. दुधा-अंड्याच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे: बरीच मुलं केकसारख्या भरपूर भाजलेल्या पदार्थातलं दूध किंवा अंडं पचवतात, पण कोण पचवतं ते दवाखान्यातल्या चाचणीतच ठरतं. शेंगदाण्याचं उलट आहे. त्यातली मुख्य त्रासदायक प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत, आणि खमंग भाजण्यानं ती अ‍ॅलर्जीच्या दृष्टीनं अधिकच तिखट होतात.

तेलाचं तर अगदी उफराटं. 1997 मध्ये ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या 60 प्रौढांना दोन्ही प्रकारचं शेंगतेल देऊन पाहिलं. पूर्ण रिफाइंड तेलानं एकालाही त्रास झाला नाही, कच्च्या तेलानं सहा जणांना झाला. घाण्याचं तेल वासाला छान असतं ते त्यात दाण्याचा अंश राहतो म्हणून, आणि तो अंशच आम्हाला नको आहे. आम्ही सूर्यफुलाचं आणि खोबरेल वापरतो.

आता ज्या मुद्द्यावर मला खरं बोलायचंय तो. ताट ओकंबोकं राहतं, किंवा चार चुली मांडाव्या लागतात.

आमच्याकडे एकच स्वयंपाक होतो आणि तो सातही जण जेवतात. नियम साधा आहे: जे एकाला चालत नाही ते ओट्यावर येतच नाही. अपवाद फक्त पोळ्यांचा: करायच्याच झाल्या तर त्या शेवटी, वेगळ्या पोळपाटावर. रात्री सगळ्यांनाच ज्वारीची भाकरी. ज्वारी गिरणीत दिली तर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात असतोच, म्हणून घरी छोटी चक्की घेतली. हिंगाचंही तसंच. बाजारातल्या पुडीत खरा हिंग थोडा, बाकी डिंक आणि गव्हाचं नाहीतर तांदळाचं पीठ. तांदळाचं असलेला शोधून आणतो.

आणि कूट. ‘कुटाऐवजी काय घालू’ असं आम्ही सुरुवातीला विचारायचो, तिथेच अडायचो. जाऊबाईंनी प्रश्न बदलला: कूट इथे करतंय काय? काकडीच्या कोशिंबिरीत ते सुटलेलं पाणी धरतं. भरल्या वांग्यात रस दाट करतं. उपासाच्या बटाट्याच्या भाजीत दाताखाली येतं. अळूच्या फतफत्यात अर्धे दाणे मऊ शिजून गोडी देतात. चार ठिकाणी चार कामं, मग चार ठिकाणी चार जिन्नस.

काकडी चोचवून, मीठ लावून, घट्ट पिळून घेते. त्यात ओलं खोबरं, मिरची, लिंबू, चिमूट साखर. पंढरपुरी डाळं तव्यावर पुन्हा मिनिटभर शेकून भरड कुटायचं आणि ताटं मांडल्यावरच मिसळायचं. आधी मिसळलं तर लगदा होतो. वरून तेलात जिरं-मिरचीची फोडणी, तूप नाही. पाणी डाळ्यानं धरलं, गोडी खोबऱ्यानं आणली. भरल्या वांग्याला सुकं खोबरं तांबूस भाजून, त्यावर परतलेला कांदा आणि खसखस. खसखस मुलाच्या डॉक्टरांनी तपासून ‘हो’ म्हटल्यावरच घरात आली. गोडा मसाला मात्र विकतचा बंद. त्यात तीळ असतातच, आणि आपल्याकडे पाकिटावर जी अ‍ॅलर्जीकारक द्रव्यं जाहीर करणं सक्तीचं आहे त्या यादीत ग्लूटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट आहेत, तीळ नाहीत. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तिळाचा उल्लेख बंधनकारक झाला, आपल्याकडे झालेला नाही. म्हणून मसाला घरी, दगडफूल-धणे-खोबरं घालून आणि तीळ वगळून. फतफत्यात हरभऱ्याची डाळ आणि ओल्या खोबऱ्याचे काप पुरतात.

‘दाण्याऐवजी काजू घाला’ असं सुचवणारे भेटतात. ज्याला दाणे बाधतात त्याला काजू-बदामही बाधण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तेव्हा न तपासता नको.

डाव्या बाजूला काय असतं ते सांगते. जवसाची चटणी. कारळ्याची चटणी, भाकरीवर तेल घालून. खोबरं-लसूण. दुधीच्या सालींची चटणी, तिळाऐवजी डाळं घालून. गाजराची फेसलेल्या मोहरीची कोशिंबीर. कच्चा कांदा आणि तेल घातलेलं बिनदह्याचं भरीत. कैरीच्या दिवसांत टक्कू आणि आंब्याची डाळ. कढीच्या वाटीत सोलकढी, कारण कोकम आणि नारळाच्या दुधानं पुतणीचा प्रश्नच मिटतो. चाकवताला ताकाऐवजी चिंच लावली तर पहिल्या दिवशी वेगळं वाटलं, आता तेच आवडतं.

आणि मराठी चव कुटातच आहे, हे देशावरचं माणूसच म्हणू शकतं. कोकणात आणि गोव्यात घरोघर नारळावर स्वयंपाक चालतो, तो काय परका आहे? शेंगदाणा तर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, मिरची-बटाट्यासारखा समुद्र ओलांडून आलेला. आपण तो आपला केला, फार छान केला. मला तो आवडायचा, अजून वासानं आठवण येते. पण आपलं जेवण त्याच्याही आधीपासून आहे.

या सगळ्यात कष्ट नाहीत असं मी म्हणणार नाही. पहिलं वर्ष फार जड गेलं. प्रत्येक पुडी उलटून वाचायची, लग्नाघरी पंगतीत न बसवता डबा काढून द्यायचा, सणाला तिळगूळ वाटणाऱ्या हातांना आधी थांबवायचं. संक्रांतीला आम्ही डाळं, खोबरं आणि गुळाचे लाडू करतो. बाहेरून आलेलं माणूस आधी साबणानं हात धुतं. नुसत्या पाण्यानं किंवा सॅनिटायझरनं हातावरचा शेंगदाण्याचा अंश पुरता जात नाही, साबणानं जातो. हे 2004 मध्ये तपासून पाहिलेलं आहे. घरात येणाऱ्यांना हे सांगताना आधी संकोच वाटायचा. आता वाटत नाही.

हे सगळं मी त्याच ग्रुपवर लिहिलं तेव्हा दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नणंदेचा फोन आला. रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. म्हणाली, ‘वहिनी, खोबऱ्या-लसणाची चटणी करायला घेतेय, पण माझ्या मिक्सरच्या लहान भांड्यात कालच कूट केलंय. घासून चालेल का?’

पात्याखाली अडकून राहतं, म्हटलं, तू नको वाटूस. आमचं भांडं घेऊन येते, तू फक्त खोबरं किसून ठेव.