सांता कोका-कोलाचा, नाताळ इंग्रजांचा? त्या मेसेजला उत्तर

डिसेंबर लागला की वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतो. सांताक्लॉज 1931 साली कोका-कोलाने जाहिरातीसाठी जन्माला घातला, जगभर हाच एक म्हातारा चालतो, आणि इंग्रजांनी त्याला नाताळासकट कोकणात आणलं. तीन वाक्यं, तिन्ही कच्ची.

1931 हे साल खोटं नाही. त्या वर्षी हॅडन सन्डब्लॉम या चित्रकाराने कोका-कोलासाठी सांता रंगवला आणि ती चित्रं सर्वदूर गेली. पण व्यंगचित्रकार थॉमस नास्ट 1863 पासूनच 'हार्पर्स वीकली' या अमेरिकन साप्ताहिकात दाढीवाला, ढेरपोट्या सांता काढत होता. लाल झगाही 1931 च्या आधीच्या अमेरिकन मासिकांवर दिसतो. त्याच्या मागे डचांचा सिंटरक्लास, आणि त्याच्याही मागे चौथ्या शतकातला मायराचा बिशप, संत निकोलस. मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. कंपनीने सांताला मिरवलं, बारसं तिने केलेलं नाही.

'जगभर एकच' हे तर सगळ्यात पोकळ. सिंटरक्लास नेदरलँड्समध्ये अजून स्वतंत्र नांदतो. डोक्यावर बिशपची उंच टोपी घालून तो स्पेनहून आगबोटीने येतो आणि 5 डिसेंबरच्या रात्री भेटी देतो. रशियाचा देद मोरोझ, म्हणजे थंडीआजोबा, नात स्नेगुरोच्काला घेऊन नववर्षाला हजर होतो. (नातीला बरोबर घेऊन फिरतो म्हणून मला तो जास्त घरचा वाटतो.) इटलीत बेफाना ही म्हातारी 6 जानेवारीच्या आदल्या रात्री झाडूवर बसून येते. स्पेनमध्ये भेटींचं खातं तीन राजांकडे, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या. आइसलँडमध्ये तेरा भाऊ, रोज एक याप्रमाणे डोंगरातून उतरतात. कुणी चमचे चाटतो, कुणी रात्री दारं आपटतो. आई ग्रिला राक्षसीण, मग पोरं आणखी कशी निघणार? इंग्लंडचा फादर ख्रिसमसही मुळात मुलांचा नव्हता. तो मोठ्यांच्या खाण्यापिण्याचा यजमान, सांतात मिसळला एकोणिसाव्या शतकात.

राहिले इंग्रज. गोवा 1510 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. वसई 1534 ते 1739 त्यांच्याकडे होती. कोकणचा मोठा पट्टा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आला 1818 मध्ये, पेशवाई बुडाल्यावर. नाताळ हे नावही पोर्तुगीजांचंच. सोळाव्या शतकात त्यांच्या गलबतांतून सांता येणं शक्यच नव्हतं, कारण या रूपातला सांता तेव्हा कुठेच नव्हता. इथे रुजले ते बाळ येशूचा गोठा आणि तीन राजे. गोव्यात चांदोर आणि कासावलीला 6 जानेवारीला मुलं मुकुट घालून राजे होतात. मांडवीकाठच्या किल्ल्याला, रेइश मागुशला, नावच या राजांचं आहे.

सांता आपल्या किनाऱ्यावर उशिरा आला, एवढं मात्र कबूल. राग लाल टोपीवर असेल तर टोपीवरच काढा, नाताळच्या फराळातल्या दोदोल-नेवऱ्यांना त्यात ओढू नका.

शिवाय आपल्याकडे आणखी एक म्हातारा आहे. 31 डिसेंबरला पोरं पेंढा भरून, जुनी पँट-शर्ट चढवून 'ओल्ड मॅन' बनवतात, त्याच्या नावाने रस्त्यात पैसे मागतात आणि मध्यरात्री त्याला पेटवतात. तो कोणत्या कंपनीने काढला, हे मेसेजवाल्यांनी अजून सांगितलेलं नाही.