मामा, डाऊट म्हणू नये का?

दुपारी भाचीचा फोन आला. आवाज पडलेला. पोरगी लातूरची, पुण्यात पहिलीच नोकरी, जॉइन होऊन पंधरा दिवस झाले नाहीत. मीटिंगमध्ये धीर करून म्हणाली, "सर, आय हॅव अ डाऊट." साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "का? संशय आहे का माझ्यावर?" सगळे खदखदून हसले. वर पाच मिनिटं शिकवणी. डाऊट म्हणजे संशय, तुला 'क्वेश्चन' म्हणायचंय, तुमच्या लातूरकडं हे शिकवत नाहीत वाटतं.

तेव्हापासून डोकं फिरलंय.

अहो, लातुरात डाऊट शिकवत नाहीत? आमच्या ट्युशन एरियात फिरून बघा. डाऊट काउंटर, डाऊट सेशन, डाऊटची वही. सकाळी सहापासून पोरं डाऊट घेऊन रांगेत उभी असतात.

मीही त्या रांगेतलाच. साल १९९४, अकरावी सायन्स. औसा तालुक्यातल्या खेड्यातून आलेलो, किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. दहावीपर्यंत मराठी आणि एकदम सगळं इंग्रजीत. न्यूटनचा तिसरा नियम झाला आणि माझं घोडं अडलं. बैल गाडीला जेवढं ओढतो तेवढंच गाडी बैलाला मागं ओढते, मग गाडी हलते कशी? तीन आठवडे हे पोटात ठेवून बसलो. इंग्रजीत विचारता येईना, मराठीत विचारायची लाज.

आता त्या साहेबांच्या डाऊटकडं येऊ. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला, तेव्हा स्पेलिंगात 'b' हे अक्षर नव्हतं. लॅटिनशी नातं दिसावं म्हणून पंडितांनी ते नंतर घुसडलं. आजतागायत कुणी उच्चारत नाही, तरी लिहायचं. त्यांनी केलं की विद्वत्ता, आम्ही केली की चूक! आणि त्या लॅटिन शब्दाचं नातं 'दोन'शी आहे. दोन्हीकडं ओढलेलं मन, आपल्या भाषेत द्विधा. बैल पुढं, गाडी मागं. माझं तेव्हा दुसरं काय झालं होतं?

शिवाय आपण मराठीत शंकाच विचारतो ना? शंकानिरसन करतो. (लघुशंकेला जाणाऱ्याकडं कुणी संशयानं बघत नाही.) त्या शंकेच्या जागी डाऊट येऊन बसला. संशयासाठी आपण क्रियापद बदललं. डाऊट विचारला म्हणजे प्रश्न, डाऊट खाल्ला म्हणजे संशय. कुठल्याही पोराला हा फरक न शिकवता कळतो. माझा आजा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकला, तो दोन्हीला 'शक'च म्हणायचा, त्याचंही कुठं अडलं नाही.

हां, लंडनच्या माणसापुढं 'आय हॅव अ डाऊट' म्हटलं तर तो बिचकेल. मान्य. पण त्या मीटिंगमध्ये लंडनचं कोण होतं? साहेब स्वतः परभणीचे आहेत म्हणे! हे कळल्यावर तर मला हसावं की रडावं कळेना.

आमचे सर असे नव्हते. एका संध्याकाळी पत्र्याच्या शेडमधून पोरं निघाली, मी चपला शोधत रेंगाळलो. सरांनी वळून बघितलं. "डाऊट हाय का रं?" बस्स, एवढंच. मी भडाभडा बोललो, अर्धं मराठी, अर्धं गावाकडचं. सर तिथंच फरशीवर बसले, खडूनं बैल काढला. कुत्र्यासारखा दिसत होता. म्हणाले, "गाडीकडं बघू नको, खुरांकडं बघ. बैल जमिनीला मागं रेटतो, जमीन त्याला पुढं ढकलते. गाडीची ओढ त्याहून कमी पडली की निघाली गाडी." पँटीला खडू लागला, तो झटकत उठले न् सायकलवर टांग टाकून गेले.

सरांना एका शब्दात तोडता आलं असतं मला. 'डाऊट नव्हे, क्वेश्चन म्हण,' असं म्हणाले असते तर मी बारावीपर्यंत तोंड उघडलं नसतं.

रात्री भाचीला परत फोन लावला. म्हणाली, "मामा, मग आता मी काय म्हणू?" म्हटलं, ते राहू दे, तू विचारलं काय होतंस? तिनं सांगितलं. फायलीतल्या दोन तारखा जुळत नव्हत्या, त्यातली कुठली धरायची एवढंच.

"मग कुठली धरायची म्हणाले?"

"ते राहिलंच ना, मामा."