आईचं वजन तीन

मोबियस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली बॅरिसेंट्रिक कोऑर्डिनेट्स मांडले, म्हणजे त्रिकोणाच्या कोपऱ्यांना वजनं देऊन बिंदूची जागा सांगायची पद्धत. त्याची झळ आमच्या घराला यंदा लागली. लेकीला कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या पेपरला तो भाग होता. "बाबा, सोपं करून सांग ना!"

नेमकी घरात फ्लॅटची शोधाशोध चालू होती. आईला कोथरूडच हवं, बायकोचं ऑफिस विमाननगरला, माझं हिंजवडीला. आयता त्रिकोण! मी पुण्याचा नकाशा पसरला.

"तीन कोपऱ्यांना तीन वजनं द्यायची, बेरीज एक. तोल जिथे साधेल तिथे आपला फ्लॅट. तिघांना समान, म्हणजे एक तृतीयांश देऊ." अक्षांश-रेखांशांची सरासरी काढून फुली मारली. ती पडली विद्यापीठाच्या आवाराशी.

"तिथे कोण देणारे जागा?" आई म्हणाली. मग जरा थांबून, "आणि मला सुनेएवढंच वजन?"

झालं! मुकाट्याने आईला अर्धं दिलं, आम्हा दोघांना पाव-पाव. फुली पाषाण रस्त्याकडे सरकली.

"अजून सरकव थोडी."

"माझं शून्यच करून टाक एकदाचं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. शून्य या शब्दाने मला भलताच हुरूप आला. "बघ! एक वजन शून्य झालं, की बिंदू उरलेल्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर येतो. म्हणजे कोथरूड-हिंजवडी!" पुढची पाच मिनिटं भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

लेकीला मात्र आता गोडी लागली होती. गेममधला प्रत्येक त्रिकोण रंगवताना कोपऱ्यांचे रंग याच तीन वजनांनी मिसळतात, हे तिनेच मला ऐकवलं. मग विचारलं, "वजन उणे झालं तर?"

"तर बिंदू त्रिकोणाबाहेर."

तिने कॅल्क्युलेटर ओढला. "आजीला तीन, तुम्हा दोघांना उणे एक, उणे एक. बेरीज एकच ना?" आकडे ठोकले, बोट नकाशावर खाली खाली नेलं. "बाबा, हा तर जवळपास सिंहगड!"

उणे एक ऐकून बायको हात पुसत बाहेर आली. मी नकाशाची घडी घालायला लागलो, तोवर आईने चष्मा लावला होता.

"चालेल," ती म्हणाली. "गडावरच्या देवटाक्याचं पाणी गोड असतं."