तुला डिमेंशिया आहे, तू डिमेंटेड नाहीस

गेल्या वर्षी इथे लंडनमध्ये मेमरी क्लिनिकच्या डॉक्टरांनी आईला डिमेंशिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असे आजाराचे नाव सांगितले, तेव्हा तिने ते शांतपणे ऐकून घेतले. त्याआधी तिला घड्याळाचे चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले होते आणि तिचे सगळे आकडे वर्तुळाच्या उजव्या बाजूला गोळा झाले होते. बाहेर आल्यावर कोटाची बटणे लावता लावता तिने मला विचारले, "म्हणजे मी आता डिमेंटेड का रे?"

आईने सांगलीच्या शाळेत ३० वर्षे इंग्रजी शिकवले आहे. नामावरून विशेषण कसे होते हे तिला कोणी सांगावे लागत नाही आणि ते विशेषण बोलताना 'वेडा' या अर्थाने कोणाला लावतात हेही तिला पुरते ठाऊक आहे. राग आला की बॉसला, न पटणाऱ्या पुढाऱ्याला, बेफाम गाडी चालवणाऱ्याला. आजाराचे नाव तिच्या वाट्याला आले ते शिवी होऊनच आले.

'सेनाइल', म्हणजे म्हातारपणाने बुद्धी गेलेला, या शब्दाची गोष्टही अशीच आहे. म्हातारा माणूस या अर्थाच्या ज्या लॅटिन शब्दापासून तो आला, त्याच शब्दापासून 'सीनिअर' आणि 'सेनेट' हे शब्दही आले. त्या दोघांच्या वाट्याला मान आला आणि याच्या वाट्याला हेटाळणी. शिवाय या शब्दामुळे हा सगळा वयाचाच खेळ आहे, अशी समजूत पक्की होते. डिमेंशियाच्या एका प्रकाराला ज्यांचे नाव आहे त्या जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या रुग्णाची हकिगत डॉक्टरांच्या सभेत मांडली, त्या ऑगस्ट डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाल्या तेव्हा अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या.

पण मला सर्वांत जास्त नडला तो शिवीचा शब्द नव्हे, गमतीचा शब्द: 'सीनिअर मोमेंट', म्हणजे वयामुळे पडलेला क्षणभराचा विसर. आई दुधाची बाटली कपड्यांच्या कपाटात ठेवायची, त्याच दुकानात त्याच दिवशी दुसऱ्यांदा साखर आणायला जायची, आणि शेजारच्या आजींकडून शिकलेला हा शब्द स्वतःच हसून म्हणायची. आम्हीही हसायचो. तिला जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नेईपर्यंत दोन वर्षे गेली. या आजारावर रामबाण उपाय नाही हे मला माहीत आहे, पण मुखत्यारपत्रासारखी कागदपत्रे माणसाची निर्णयक्षमता शाबूत असतानाच करावी लागतात. आपल्याला कुठे राहायचे आहे, सांगलीला परत जायचे आहे का, हे तिच्याशी नीट बोलून घेण्याचे दिवस आम्ही त्या एका शब्दावर हसण्यात घालवले, याची मला आजही बोचणी आहे.

कोणी म्हणेल, शब्दांचे मूळ कोण आठवत बसते? काही शब्दांबाबत हे मला मान्य आहे. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर गाड्या रद्द झाल्या आणि गर्दी उसळली की माझा सहकारी म्हणतो, "आज इथे नुसते बेडलॅम आहे." १२४७ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे मनोरुग्णांसाठी ओळखल्या गेलेल्या बेथलेम रुग्णालयाच्या नावाचा तो अपभ्रंश आहे, आणि त्याची मूळ जागा नेमकी याच स्टेशनच्या ठिकाणी होती. हे रुग्णालय तिथून जवळच मूरफिल्ड्सला हलल्यावर अठराव्या शतकात लोक तिथले रुग्ण करमणूक म्हणून पाहायला जात. इतिहास क्लेशदायक आहे, पण तो शब्द आज कोणाच्या निदानाच्या कागदावर लिहिला जात नाही, म्हणून मी तो सोडून देतो. टेबल नीट लावणाऱ्याने स्वतःला 'ओसीडी' (तीच ती कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) म्हणणे, लहरी हवेला 'बायपोलर' (टोकाचा उत्साह आणि टोकाचे नैराश्य आणणारा मानसिक आजार) म्हणणे, पासवर्ड विसरल्यावर "मला अल्झायमर झालाय" म्हणणे, हे मात्र मी सोडत नाही. ती नावे आज कोणाच्या तरी कागदावर आहेत, आणि तो कागद घेऊन घरी जाणारा माणूस आपल्या शेजारच्याच टेबलावर बसलेला असू शकतो.

ठरवले तर शब्द बदलता येतात. जपानमध्ये डिमेंशियासाठी 'चिहो' हा शब्द होता आणि त्याच्या अक्षरांतच मूर्खपणाचा अर्थ होता. २००४ मध्ये सरकारने तो मागे घेऊन 'निन्चिशो', म्हणजे आकलनाचा विकार, असा शब्द आणला आणि तो रुळला.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी सुचले नव्हते. आठवडाभराने चहा पिताना मी तिला म्हणालो, "आई, तुला डिमेंशिया आहे, तू डिमेंटेड नाहीस. मराठीत बघ, आजार माणसाला होतो, माणूस आजार होत नाही." तिने कप खाली ठेवला, थोडा विचार केला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "बरोबर. ताप आलेल्या मुलाला आपण ताप म्हणून हाक मारत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि मी तेच उत्तर पुन्हा दिले.