व्हिटॅमिन ई दिलं की गाठ थांबेल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

हिमालयातल्या गाईंना होणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगावरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. लाल लघवी म्हणजे गोचीडताप, मी उगाच कर्करोगाचं भूत उभं केलं. आणि ऑक्सिडेटिव्ह इजा (ऑक्सिजनच्या मुक्त कणांमुळे पेशींना होणारी हानी) मान्य केली, तर व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमचा उपाय का लिहिला नाही?

पहिला आक्षेप आपल्याकडच्या जनावरांपुरता रास्त आहे. इथे बबेसिया, म्हणजे गोचीडताप आणणारा परजीवीच, आधी आठवावा. पण लघवी काचेच्या बाटलीत घ्या आणि थोडा वेळ न हलवता ठेवा. रक्त उतरत असेल तर लाल साका तळाशी बसतो, वरचं निवळतं. गोचीडतापात पेशी रक्तातच फुटलेल्या असतात, त्यामुळे कॉफीसारखा रंग वरपासून खालपर्यंत तसाच राहतो. कुमाऊं-गढवालच्या डोंगरात ताप नसताना महिनोन्महिने रक्त जाणारी गाय दिसली, तर आधी ती काय चरते ते विचारावं लागतं. उत्तर बहुधा ब्रॅकन नावाचा नेचा असतं.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. ब्रॅकनमधलं टाक्विलोसाइड हे विष अल्कधर्मी द्रावात विघटित होऊन अतिशय क्रियाशील बनतं, आणि गाईची लघवी नेमकी अल्कधर्मी असते. बनलेला पदार्थ थेट डीएनएला चिकटतो, साखळी तुटते. यात ऑक्सिजनच्या मुक्त कणांची गरजच नाही, मग त्यांना टिपणारं जीवनसत्त्व हा पहिला घाव कसा अडवणार? सूज, रक्तस्राव आणि ऑक्सिडेटिव्ह मारा नंतर येतो. तो खरा आहे, डीएनएवर त्याच्या खुणा सापडतात, तो गाठीला हातभारही लावतो. पण ती आगीत पडलेली भर आहे, काडी दुसऱ्याच कुणी ओढलेली.

शिवाय विषाणूचा हात आहेच. गाठींमध्ये बीपीव्ही-२ हा गाईंमध्ये चामखीळ आणणारा पॅपिलोमा विषाणू वारंवार सापडतो. त्याचं ई५ प्रथिन पेशीला वाढीचा इशारा देत राहतं, आणि ब्रॅकनमुळे प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते. सेलेनियमची सुई यातलं काहीच थांबवत नाही. सकस आहाराला पूरक म्हणून जरूर द्या, कर्करोगावरचा इलाज म्हणून विकू नका.

करायचं ते कंटाळवाणं आहे: कोवळे फुटवे येतात तेव्हा त्या रानात चराई बंद, आणि गोठ्यात नेच्याचं अंथरूणही नको, कारण जनावर तेही चघळतं. झालेली गाठ याने विरघळणार नाही, गोठ्यातली बाकीची जनावरं वाचतील.

तुम्ही न विचारलेला प्रश्न मला जास्त छळतो. टाक्विलोसाइड दुधातही उतरतं. पुढच्या लेखाचा विषय तोच घेतो.