मूळ चाल म्हणे!

रात्रीचे साडेबारा वाजलेत, सकाळी आठला मीटिंग आहे, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

आज इथे इटलीत, बोलोन्यात एका छोट्या हॉलमध्ये तिघांचं जॅझ ऐकलं. सॅक्सोफोन, डबल बास, ड्रम्स. इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या सिनेमांना संगीतकार नीनो रोताने दिलेलं संगीत, पण पार उसवून वाजवलेलं. सोबतचा मित्र मध्यंतरातच उठला. म्हणे, "ह्यांना मूळ चाल येते तरी का?"

अरे, ख्याल दीडदीड तास ऐकतोस ना? मुखडा हुलकावण्या देत समेवर आला की मांडीवर थाप मारतोस. इथेच कसं बिनसलं?

फेलिनीचा 'ला स्त्रादा' (१९५४) बाबांनी पुण्यात फिल्म अर्काइव्हमध्ये एकदाच पाहिला. त्यातल्या नायिकेची, जेल्सोमिनाची ट्रम्पेटची धून मग वर्षानुवर्षं दर रविवारी इस्त्री करताना त्यांच्या शिळेत. मध्येच थांबून वाटीतलं पाणी शर्टावर शिंपडायचे, इस्त्री चुर्रर्र करायची, की पुढची ओळ. मला वाटायचं, तो थांबा चालीतलाच आहे. एकोणिसाव्या वर्षी सिनेमा पाहिला तेव्हा ट्रम्पेट न थांबता पुढे गेली आणि मी मनात म्हटलं, ही चुकली!

आणि सिनेमात तरी ती एका जागी कुठे आहे? डोंबाऱ्याच्या इवल्याशा व्हायोलिनवर येते, मग जेल्सोमिनाच्या ट्रम्पेटवर, आणि शेवटी कपडे वाळत घालणारी कोणी बाई ती गुणगुणते. तिला विचारल्यावर जेल्सोमिनाला टाकून गेलेल्या झाम्पानोला कळतं, ती गेली. तिथे मी दर वेळी रडते. असो.

मित्राची रिंगटोन कुठली आहे माहितीये? 'गॉडफादर'! त्याच संगीताचं ऑस्कर नामांकन काढून घेतलं होतं, कारण रोताने ती चाल १९५८ च्या 'फोर्तुनेल्ला'त आधीच वापरली होती, तीही उडत्या ठेक्यात. घे तुझी मूळ चाल! आणि ही मोडतोड काही आजची नाही. १९८१ मध्येच हॅल विलनर या निर्मात्याने कार्ला ब्ले, स्टीव्ह लेसी असल्या जॅझवाल्यांकडून रोताच्या संगीताची अख्खी रेकॉर्ड करून घेतली होती.

बरं, ड्रमरने झांजेवर गज घासत घालवलेली दहा मिनिटं मलाही झेपली नाहीत. घड्याळ बघितलं दोनदा. मान्य.

पण मध्यंतरानंतर 'ला स्त्रादा' आलं. सॅक्सोफोनवाला बरोबर त्याच जागी तुटला, ड्रमरचा ब्रश स्नेअर ड्रमवरून हलकेच फिरला, चुर्रर्र, आणि पुढची ओळ. हॉलमध्ये मोजून चाळीस माणसं असतील. मला तर इस्त्रीखालच्या ओल्या सुती कापडाचा वास आला.

चोरून चाळीस सेकंद रेकॉर्ड केलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. तिकडे पहाटेचे चार, पण बाबा जागेच होते.

"कोण हा? चाल चुकतोय," एवढंच उत्तर.