पाटीचा रंग नको, गाडीचं वजन आणि लांबी बघा

चारचाकीचं लायसन्स काढताना आपण काय चालवून दाखवतो? ड्रायव्हिंग स्कूलची छोटी हॅचबॅक. नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत ती ट्रॅकवर फिरवली, रिव्हर्स घेतली, की झालं. आणि त्याच एलएमव्हीच्या, म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या शिक्क्यावर उद्या तुम्ही साडेसात टनांची गाडी कसारा घाटातून खाली उतरवू शकता. मागे कॅराव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा ट्रेलर जोडलात तरी वेगळी परीक्षा द्या असं कुणी म्हणत नाही. हे बदललं पाहिजे. सिंहस्थ तोंडावर आलाय आणि गंगापूर धरणाच्या, द्राक्षबागांच्या रस्त्याला अशा गाड्या दिसायला लागल्यात, म्हणून आत्ताच लिहितोय.

मुळात मला कॅराव्हॅनचं वावडं नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन लांबचा प्रवास करायचा, तर स्वतःचा स्वच्छ संडास आणि आडवं व्हायला जागा सोबत असणं ही केवढी सोय आहे, हे ज्याच्या घरात म्हातारं माणूस आहे त्याला सांगावं लागत नाही. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते चांगलंच केलं. पण गाड्या आल्या, धोरण आलं, चालवणाऱ्याच्या तयारीचा विषय मात्र कुणाच्याच अजेंड्यावर नाही.

कायदा काय म्हणतो ते बघा. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या कलम 10 मध्ये लायसन्सचे वर्ग दिलेत: गिअरवाली आणि बिनगिअरची दुचाकी, हलकं मोटार वाहन, ट्रान्सपोर्ट म्हणजे धंद्याचं वाहन, रोडरोलर वगैरे. त्यात ट्रेलर ओढण्यासाठी वेगळा वर्ग नाही. हलकं म्हणजे 7500 किलोपर्यंत. त्यातही मालवाहू किंवा प्रवासी गाडीचं भरलेलं वजन धरतात, मोटारकारचं मात्र रिकामं. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन 2004 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये मोडते. सहापेक्षा जास्त प्रवाशांची नसेल तर ती मोटारकारच. म्हणजे पाण्याची टाकी, बॅटऱ्या, गॅस, गाद्या, सगळं घर आत भरल्यावर वजन कुठे जातं, याचा लायसन्सशी संबंधच उरत नाही. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, आणि ते वळणावर हलतं!

ट्रेलरचं तर आणखी आश्चर्य वाटतं. कलम 61 मध्ये नंबर कुठे लावायचा ते सविस्तर दिलंय: ट्रेलरचा स्वतःचा नंबर बाजूला आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर शेवटच्या ट्रेलरवर. पाटीची इतकी काळजी घेतली, मग स्टिअरिंग धरणाऱ्याची का नाही?

आपल्या जिल्ह्यात ट्रॉली म्हणजे काय हे कुणाला शिकवायला नको. पिंपळगावला कांद्याच्या हंगामात उभं राहा. बाजार समितीच्या गर्दीत भरलेली ट्रॉली मागं घेणारी पोरं बघा. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉलीचं बूड उजवीकडे जातं, आणि जरा जास्त फिरवलं की ट्रॅक्टर आणि ट्रॉली घडी घालून एकमेकांना भिडतात. हे हाताला बसायला अख्खा हंगाम जातो. आणि हे सगळं ताशी पाच किलोमीटरनं. शहरातल्या माणसानं शोरूममधून ट्रेलर घ्यायचा, एसयूव्हीच्या हुकाला अडकवायचा आणि थेट समृद्धीवर शंभरनं सुटायचं, ही गोष्ट वेगळीच आहे. ट्रेलरमध्ये सामान मागच्या बाजूला जास्त झालं, हुकावर पुरेसा भार राहिला नाही, की वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक मारणं किंवा स्टिअरिंग ओढणं हीच माणसाची पहिली प्रतिक्रिया असते, आणि नेमकं तेच करायचं नसतं. हळूहळू ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार?

घाटाचंही तसंच. जड गाडी ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून धरेनासे होतात. ती खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरवायची असते. ट्रकवाल्याला हे पोटातून माहीत असतं. वळणावर लांब गाडीची मागची चाकं पुढच्यांच्या आतून कापत जातात हेही तो जाणतो, म्हणून कोपऱ्यावरचा दुचाकीवाला त्याला आधीच दिसतो. हॅचबॅकवर परीक्षा दिलेल्याला यातलं काहीच माहीत नसतं.

बाहेर काय आहे? ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1997 पासून पुढे कारची परीक्षा पास झालेल्यांना साध्या लायसन्सवर साधारणपणे 3500 किलोपर्यंतच गाडी चालवता येते. त्यापुढे 7500 पर्यंत सी-1 नावाचा वेगळा वर्ग, वैद्यकीय तपासणीसह. कॅलिफोर्नियात 40 फुटांपेक्षा लांब घरगाडीला वेगळं बिगरव्यावसायिक लायसन्स लागतं. अर्थात सगळीकडे कडकच आहे असं नाही. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत साधं लायसन्स पुरतं, आणि ब्रिटननंही डिसेंबर 2021 मध्ये कारमागे ट्रेलर ओढायची वेगळी परीक्षा काढून टाकली, कारण ट्रकचालकांच्या परीक्षांना जागा हवी होती. तो निर्णय मला चुकीचा वाटतो. पण तिथंही ट्रेलर ओढणाऱ्या कारला मोटरवेवर ताशी 60 मैलांची, म्हणजे सुमारे 96 किलोमीटरची मर्यादा आहे.

आता कुणी म्हणेल, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्येच सांगितलंय की एलएमव्हीवाला 7500 किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडीही चालवू शकतो. बरोबर. अशा लायसन्सधारकांमुळे अपघात वाढतात, याची ठोस आकडेवारी आपल्यासमोर आलेली नाही, असंही न्यायालयानं म्हटलंय. त्या निकालामुळे टेम्पो, टॅक्सी चालवून पोट भरणारे आणि विमा कंपन्यांनी लायसन्सचं कारण पुढे करून अडवलेली अपघातग्रस्त कुटुंबं, दोघांनाही दिलासा मिळाला. मला तो निकाल पटतो. भाड्याच्या गाडीची पिवळी पाटी की खाजगीची पांढरी, यावर कौशल्य ठरत नाहीच. पण मग वजनावर आणि लांबीवर तरी ठरवा ना. रोज टेम्पो चालवणारा रोज शिकतो. कॅराव्हॅनवाला दिवाळीत आणि मे महिन्यात, घरची सगळी माणसं आत बसवून शिकतो.

माझी मागणी फार मोठी नाही. 3500 किलोच्या पुढची गाडी किंवा ठरावीक वजनापुढचा ट्रेलर असेल, तर त्याच गाडीवर एक जादा परीक्षा आणि लायसन्सवर तसा शिक्का. वजन भरलेलं धरायचं. परीक्षेत ट्रेलर रिव्हर्स घेणं, हुक आणि दिवे जोडणं, उतारावर गाडी धरणं. ज्यांचा रोजगार आहे त्यांचा अनुभव धरून सूट द्या. एजंटांचं फावेल ही भीती खरी आहे, म्हणून परीक्षा कॅमेऱ्यासमोर घ्या. पण एजंट आहेत म्हणून परीक्षाच नको, हे मला मान्य नाही.

तोपर्यंत ज्यांनी अशी गाडी घेतलीये किंवा घेणार आहेत, त्यांनी आरसीवरचं वजन आणि वर्ग नीट वाचा. जुनी बस किंवा टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन गॅरेजमध्ये कॅराव्हॅन बनवून घेणार असाल तर गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 आधी समजून घ्या. आरसीवर नसलेला बदल पुढे महागात पडतो. ट्रेलरचा विमा आहे का, आणि तुमचं लायसन्स त्यांना चालतं का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. आणि पहिला प्रवास घाटातला नको. एखादा ट्रॅक्टरवाला ओळखीचा असेल तर रविवारी मोकळ्या मैदानावर त्याला शेजारी बसवून आधी रिव्हर्स शिकून घ्या.